वासाचा कप

माझ्या बायकोला वास येत नाही हे मला माहीत होतं. हे वाक्य मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. तिच्यापाशी तर नाहीच. आमच्या ओळखीच्या लोकांना जी हकिगत ठाऊक आहे ती वेगळी. त्या हकिगतीत मी एका शनिवारी लीड्समधल्या चहाच्या दुकानात साधी गंमत करायला जातो, गंमत अंगाशी येते, आणि बिचाऱ्या नवऱ्याला तिथे चारचौघांत पहिल्यांदा कळतं की बायकोचं नाक गेलंय. ‘बिचारा’ हा शब्द माझ्या मित्राच्या बायकोचा. मी तो दुरुस्त केला नाही.

मला त्याआधी सात महिने माहीत होतं. आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला वाईट वाटलं नव्हतं, बरं वाटलं होतं. का, ते सांगायचं तर आधी चहाचं सांगावं लागेल.

चहाचा नाद माझा. पंचेचाळिशीत पित्ताने हैराण झालो तेव्हा इथल्या डॉक्टरने दुधाचा उकळलेला चहा बंद करायला सांगितलं. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या आयटीत आहे. लंचमध्ये पाय मोकळे करायला गावात चक्कर मारायचो. तिथे दुकानांच्या एका जुन्या, छप्पर घातलेल्या गल्लीत, आर्केडमध्ये, तैवानच्या एका बाईंचं चहाचं दुकान आहे. सहा स्टुलं, एक लांब लाकडी फळी, मागे भिंतभर डबे. दूध नाही, साखर नाही. कुणी केक मागितला तर बाई समोरच्या कॅफेकडे बोट दाखवतात. मला ते आवडलं. मी त्यांना मनातल्या मनात मालकीणबाई म्हणतो. समोर काहीच म्हणत नाही.

त्या विकतात तो ऊलाँग. हिरवा नाही, काळा नाही, मधला. पानं वळून गोळ्या केलेली असतात, दिसायला मिऱ्यांसारखी. पहिलं पाणी प्यायचं नसतं. ते पानांना जाग येण्यापुरतं ओततात आणि लगेच ट्रेमध्ये फेकतात. मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे घाणे काढतात. त्याच पानांतून सहा-सात वेळा चहा निघतो, आणि दर वेळी वेगळा.

कप दोन. एक बुटका, प्यायचा. दुसरा उंच, अरुंद, बोटभर. त्यातून प्यायचं नाही. दोन्ही आधी उकळत्या पाण्याने विसळून गरम करून घेतात. मग चहा उंच कपात ओततात, त्यावर बुटका कप टोपीसारखा पालथा घालतात, दोन्ही मिळून उलटे करतात, आणि उंच कप अलगद वर उचलतात. चहा खाली बुटक्या कपात राहतो. उंच कप रिकामा होतो आणि वास त्यात राहतो. तो तळहातांत फिरवत हुंगायचा. मालकीणबाईंच्या भाषेत त्याला काहीतरी सुंदर नाव आहे. मी त्याला वासाचा कप म्हणतो.

मी एक वही केली. कुठला मळा किती उंचीवर, कुठलं पान किती भाजलेलं, सगळं लिहून काढायचो. एका जातीची पानं मुद्दाम किड्याला खाऊ देतात, मग त्यांना मधासारखा वास येतो, हे मी इतक्या लोकांना सांगितलं की मित्र मला बघितलं की विचारायचा, ‘‘काय, किडे काय म्हणतात?’’ माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. मी इथल्या मराठी मंडळात गाणारा नाही, नाटकात काम करणारा नाही. मी प्रोजेक्टर लावतो.

बायकोचं तसं नव्हतं. ती वेंगुर्ल्याकडची, आणि आमच्या मंडळात तिच्या नाकाला मान होता. दर वर्षी दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी आठ-दहा बायका आमच्या स्वयंपाकघरात जमून सगळ्यांचा वर्षाचा गोडा मसाला करायच्या. खिडक्या सताड उघड्या, अंगात कोट, आणि गॅसवर एकेक जिन्नस भाजायला. कालथा कुणीही धरावा. ही नुसती बाजूला उभी राहायची, हात बांधून, पाठ खिडकीला टेकून. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल. आणि मध्येच म्हणायची, ‘‘काढ.’’ एवढाच शब्द. तो येईपर्यंत कुणी कढई उतरवायचं नाही आणि आल्यावर क्षणभर थांबायचं नाही. एका नवीन मुलीने एकदा मिनिटं मोजायला फोन काढला तर बाकीच्या हसल्या होत्या. ‘‘ठेव तो. टायमर उभाय ना खिडकीपाशी.’’

अशा बाईला मी स्वतः त्या दुकानात घेऊन गेलो. माझा रुबाब दाखवायला.

पहिल्यांदा आली तेव्हा तिने फळ्यावरचं नाव वाचलं आणि खुदकन हसली. ‘‘अरे, आलिशान चहा!’’ ते तैवानमधल्या डोंगराचं नाव आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. उंचीही सांगितली. ती म्हणाली, ‘‘असेल. पण दिसायला तर फुळकवणी आहे.’’ मालकीणबाईंनी वासाचा कप तिच्या हातात दिला. तिने हुंगला. हसू थांबलं. पुन्हा हुंगला, आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, ‘‘रात्री केसांत सुरंगीचा वळेसर माळून झोपलं ना, की सकाळी उशीला येतो तो वास. फुलाचा नाही, उशीचा.’’

‘‘काय म्हणाल्या?’’ मालकीणबाईंनी मला विचारलं. मी भाषांतर केलं, ‘‘फुलं.’’

बाईंनी मान हलवली. त्या एवढं लांब वाक्य फुलं या एका शब्दात मावणार नाही हे ओळखून होत्या. त्यांनी हिलाच विचारलं. हिने मोडक्यातोडक्या अभिनयाने सांगितलं: केस, रात्र, उशी, सकाळ. मालकीणबाईंनी डोळे मिटून ते ऐकलं आणि मग वाकून खालच्या कप्प्यातला एक डबा वर काढला. मी तीन वर्षं त्या दुकानात जात होतो. तो डबा मला माहीत नव्हता.

पुढे दर वसंतात नवीन माल आला की मालकीणबाई विचारायच्या, ‘‘मॅडम कधी येणार?’’ पाकीट फोडायच्या ते हिच्यासमोर. एकदा मी माझ्या वहीतून काही वाचून दाखवत होतो, तर बाई हसत म्हणाल्या, ‘‘तुम्ही वाचलंय. यांना वास येतो.’’ त्यात टोमणा नव्हता. त्यांचं इंग्रजी तेवढंच होतं. मीही हसलो. पण मी सांगतो, ते वाक्य मी सहा वर्षं तोंडात सुपारीसारखं धरून होतो.

मग कोविड आला. तिला झाला, मला नाही. सगळ्यांचं जातं तसं तिचं नाक गेलं आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी तिने जाहीर केलं, ‘‘आला बाबा वास!’’ आईला वेंगुर्ल्याला फोन केला, ग्रुपवर टाकलं, बायकांनी हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पाडला.

आला नव्हता.

मला कळलं ते दुधामुळे. मार्चमधला रविवार. मी वरून खाली येत होतो, जिन्यातच करपल्याचा वास लागला. स्वयंपाकघराच्या दारात आलो तर पातेल्यात दूध तळाला काळं झालेलं, धूर निघतोय, आणि ही त्याला पाठ करून दोन हातांवर टेबलाशी बसलेली, कौन्सिलमधल्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेतल्या, नोकरीचा लॅपटॉप उघडून. शांत. गालाला बोट लावून वाचत होती. मी तोंड उघडलं होतं, ‘अगं’ म्हणायला. ते मिटलं. आणि मी दारात उभा राहून बघत राहिलो.

किती वेळ ते सांगता येत नाही. धुराचा अलार्म बोंबलला तेव्हा ती दचकून उठली. ‘‘अगं बाई! लक्षच नव्हतं.’’

‘‘कुठे असतं लक्ष तुझं?’’ मी म्हणालो. आणि खिडकी उघडताना मला जाणवलं की मी आतल्या आत शीळ घालतोय.

त्यानंतर मी तपासायला लागलो. दोन दिवस घातलेला शर्ट तिच्यापुढे धरून विचारलं, ‘‘धुवायचा का चालेल?’’ तिने नाकाला लावला, गंभीरपणे विचार केला, म्हणाली, ‘‘चालेल आजचा दिवस.’’ मी तो घालून ऑफिसला गेलो. नासलेलं दूध फ्रिजमध्ये पुढे ठेवलं. एक सडका बटाटा कचऱ्याच्या डब्यामागे सोडला. ती रोज तिथून झाडू फिरवायची. पाचव्या दिवशी माझंच डोकं उठलं, मीच नेऊन टाकला. प्रत्येक वेळी ती काय करते ते मी बघायचो. ती नाक लावायची, थोडी थांबायची, आणि माझा चेहरा वाचायची. उत्तर माझ्या चेहऱ्यावरून काढायची. म्हणून मग मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो.

एकदा शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं होतं. गॅस येत होता. ते मी केलेलं नव्हतं. मी लगेच बंद केलं, दारं उघडली. ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर तिला कळलं असतं की मला कळलंय, आणि मग ते माझं राहिलं नसतं.

तिने का लपवलं हे न कळायला मी काही परका नव्हतो. दिवाळी येणार होती. बायका जमणार होत्या. खिडकीपाशी उभं राहून तिला तो एक शब्द म्हणायचा होता. ती गुपचूप तयारी करत होती. मी नसताना वाटीभर धणे भाजायची, हे मला ओट्यावर सांडलेल्या दाण्यांवरून कळायचं. एकदा मी बुटाचा आवाज न करता आलो, तेव्हा ती कढईवर कान धरून ओणवी झालेली दिसली. तीळ कसे तडतडतात, खोबऱ्याचा रंग कुठे थांबतो, धण्यांचा आवाज कधी हलका होतो. जे नाक एका क्षणात करायचं ते ती कानाने आणि डोळ्याने पाठ करत होती, पन्नाशीला आलेली बाई, परीक्षेला बसल्यासारखी. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो आणि बाहेर जाऊन पुन्हा किल्ली वाजवत आलो.

मला वाटतं तिला ते जमलं असतं.

मसाल्याच्या आदल्या शनिवारी मित्र आणि त्याची बायको गावात खरेदीला येणार होते. मी म्हणालो, आपण चौघं माझ्या दुकानात भेटू. ही कोविडनंतर तिथे एकदाही आली नव्हती. कधी पाठ दुखायची, कधी काम असायचं.

‘‘तुम्ही जा ना. मी नाही येत आज.’’

‘‘मालकीणबाई सारख्या विचारतात गं तुला. वाईट दिसतं.’’

मालकीणबाईंनी कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं. ती आली. चांगला कोट घालून आली, लिपस्टिक लावून.

बाईंनी तिला बघून दोन्ही हात पुढे केले. मित्राने फळीवर कोपरं टेकली आणि म्हणाला, ‘‘वहिनी, आज आम्हाला शिकवा. हा नुसते किडे सांगतो.’’

पहिला चहा आला. तिने वासाचा कप उचलला, तळहातांत फिरवला, डोळे मिटले. मी नीट बघत होतो. थांबायचं तेवढंच थांबली. मग म्हणाली, ‘‘हा भाजका. नाचणी भाजताना घरभर पसरतो ना, तसा. आणि मागून किंचित गुळाचा पाक.’’ मित्राने आपला कप हुंगला आणि ओरडला, ‘‘अरे हो! नाचणी!’’ बरोबरच होतं ते. डब्यावरचं लेबल तिने येतानाच वाचलं होतं, आणि तो चहा तिने पूर्वी वीसदा घेतला होता. ती आठवणीतून बोलत होती. इतकं अचूक की मलाही क्षणभर शंका आली. आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते असं की नाक नसतानाही ही माझ्यापेक्षा चांगलीच ठरणार.

मालकीणबाई किटली भरायला आत गेल्या. मी नेहमीचं गिऱ्हाईक, अधूनमधून ओतायचं काम माझ्याकडे देतात. मी चार उंच कप उकळत्या पाण्याने विसळले. तीन कपांत चहा ओतला. चौथ्यातलं गरम पाणी ट्रेमध्ये ओतून दिलं आणि तो तसाच, ओला, कोमट, रिकामा, हिच्या हातात दिला.

‘‘तू आधी वास घे. हा नवीन आहे, ओळख बघू. लेबल नाही दाखवणार.’’

तिने घेतला. फिरवला. डोळे मिटले. या वेळी जरा जास्त थांबली.

‘‘हा... हलका आहे. फुलांचा. सकाळचा वाटतो.’’

‘‘कुठलं फूल?’’

‘‘जाई असेल.’’

‘‘नक्की?’’

‘‘हो रे, जाईच.’’

‘‘त्यात चहा घातलाच नव्हता,’’ मी म्हणालो. ‘‘गरम पाणी होतं नुसतं.’’

मित्र आधी हसला. ‘‘फसलात वहिनी! काय रे तू पण.’’ तीही हसली. आणि इथे गंमत संपू शकत होती. तिने तर पळवाटही शोधली होती: ‘‘शेजारच्या कपाचा आला असेल मला.’’ कुणीही ते मान्य केलं असतं. मी चेहऱ्यावर काळजी आणली. ती आणता येते. मी म्हणालो, ‘‘थांब हं. अगं, तुला खरंच येत नाहीये का वास?’’ आणि दोन कप तिच्यापुढे ठेवले. एक चहाचा, नुकताच रिकामा केलेला, घमघमणारा. एक पाण्याचा. ‘‘सांग, चहाचा कुठला?’’

तिने पहिला उचलला, ठेवला. दुसरा उचलला. मग माझा चेहरा वाचायला वर बघितलं. मी तो कोरा ठेवला.

तिने पाण्याच्या कपावर बोट ठेवलं.

तेव्हा मी एक वाक्य म्हणालो. ते मी आधीपासून जुळवून ठेवलेलं होतं, आर्केडमध्ये शिरतानाच. ‘‘इतकी वर्षं नाकाने कांदे सोलले ना, झिजलं असेल बिचारं.’’

मित्र पुन्हा हसला, सवयीने, आणि अर्ध्यात थांबला. त्याच्या बायकोने हिच्या दंडावर हात ठेवला. ‘‘अगं, कधीपासून? बोलली नाहीस ती?’’ ही ट्रेमधल्या पाण्याकडे बघत होती. तिच्या गळ्यावर लाल डाग उठत चालले होते.

मालकीणबाई कधी बाहेर आल्या होत्या मला माहीत नाही. त्यांनी चारही उंच कप उचलून आत नेले.

घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. बऱ्याच वेळाने विचारलं, ‘‘तुला खरंच माहीत नव्हतं ना?’’

‘‘नाही गं. शपथ.’’

मग मी पुढे गेलो, कारण गप्प बसलं तर ती विचार करेल अशी भीती होती. ‘‘मला सांगायचं नाहीस? नवरा आहे मी. उद्या गॅस राहिला, आग लागली तर? मला काय वाटलं असेल तिथे, सगळ्यांसमोर?’’

‘‘चुकलं माझं,’’ ती म्हणाली. ‘‘सांगायला हवं होतं तुला. सॉरी.’’

मी तिचा हात हातात घेतला. म्हणालो, ‘‘जाऊ दे आता.’’

म्हणजे मी तिला माफ केलं. बसमध्ये, आमच्या स्टॉपच्या दोन स्टॉप आधी.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या बायकोचा फोन. स्पीकरवर होता, मी ऐकला. ‘‘तू आराम कर गं या वर्षी. आमच्याकडे करू मसाला. तू नुसती ये, बस, गप्पा मार.’’ चांगुलपणानेच बोलत होती. पुढच्या शनिवारी ही गेली. संध्याकाळी आणायला गेलो तर ती स्वयंपाकघराच्या टोकाला खुर्चीवर बसून खोबरं किसत होती, बाकीच्यांकडे पाठ करून. कढईपाशी कुणीतरी विचारत होतं, ‘‘काढू का गं? बघ ना, काढू का?’’ आणि चौघी-पाचजणी एकदम बोलत होत्या. एकीने फोनवर मिनिटं लावली होती. कुणी हसलं नाही.

मसाला चांगला झाला. वाईट झाला असता तर बरं झालं असतं, पण चांगला झाला. त्यानंतर आजपर्यंत तो तिकडेच होतो.

आमची मुलगी ब्रिस्टलला असते, इंजिनिअर आहे. त्या आठवड्यात तिचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, मराठी बोलते ती आमच्यासाठी. ‘‘बाबा, तू आईची टेस्ट केलास? सगळ्यांच्या समोर?’’

‘‘मला माहीत नव्हतं, बेटा.’’

‘‘मला माहीत होती. आई मला पहिल्यापासून सांगितली. ती म्हणाली, बाबाला नको बोलू. मी विचारली, व्हाय नॉट? तर म्हणाली, तो त्याची जोक करेल.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘‘हॅलो? बाबा? आहेस?’’

‘‘आहे,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्या आईला काहीही वाटतं.’’

आता आमच्या घरात वासाचं काम माझ्याकडे आहे. मासे ताजे आहेत का, डाळ लागली का, तिच्या कोटाला फोडणीचा वास येतोय का, ऑफिसला जाण्याआधी मानेशी येऊन ‘‘बघ रे जरा’’ म्हणते. मी बघतो. ती मान वळवून माझा चेहरा वाचते आणि मी आता तो कोरा ठेवत नाही. वरच्या मजल्यावरून हाक येते, ‘‘जळतंय का काही?’’ मी खालून सांगतो, नाही. ती विश्वास ठेवते आणि आपल्या कामाला लागते. पहिलं वर्षभर मला हे आवडायचं, हेही सांगून टाकतो. तिला माझी इतकी गरज यापूर्वी कधी पडली नव्हती.

मी त्या दुकानात परत गेलो, महिन्याभराने, एकटा. मालकीणबाईंनी चहा ठेवला. गेंड्याच्या कातडीने मी विचारलं, ‘‘वासाचा कप?’’ त्यांनी फडक्याने फळी पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत, आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही पाणी फेकलं. एका कपात चहा नाही. मी पडद्यामागून पाहिलं.’’ आणि मग, ‘‘मॅडमला वास येत नाही, मला समजलं होतं. पहिल्या कपालाच. ज्याला वास येतो तो माणूस इतकं बरोबर बोलत नाही.’’

पहिल्या कपाला समजलं होतं, आणि त्या काही बोलल्या नव्हत्या. किटली भरायला आत गेल्या होत्या.

मी अजून जातो. चहा मिळतो, तोच, त्याच निगुतीने केलेला. उंच कप मिळत नाही. शेजारच्या स्टुलावर कुणीही नवखा येऊन बसला तर त्याच्यापुढे दोन कप येतात, माझ्यापुढे एक. गेली तीन वर्षं. मी मागत नाही.

गेल्या आठवड्यात जेवताना बायको म्हणाली, ‘‘त्या चहावाल्या बाई बऱ्या आहेत ना रे? जाऊ या का एकदा? वास नसला तरी जिभेवर येतं मला थोडं. कडू, गुळमट. आणि कप हातात धरायला छान वाटतो. मीच उगाच इतकी वर्षं लाजत बसले.’’ मी म्हणालो, बघू. तिने शनिवार ठरवून टाकला.

म्हणून हे लिहितोय. हिंमत आली म्हणून नाही. ती त्या फळीपाशी बसेल, दोन कप तिच्यापुढे येतील आणि एक माझ्यापुढे, आणि ती विचारेल, ‘‘याला का नाही?’’ मालकीणबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. तिला दुसऱ्याकडून कळावं, तेही मोडक्या इंग्रजीत, तीन वाक्यांत, याची मला भीती आहे. आणि याहून मोठी भीती म्हणजे बाई काहीच बोलणार नाहीत, मुकाट्याने माझ्यापुढेही उंच कप ठेवतील, आणि मी सुटेन.

आज गुरुवार आहे. मी तिला तीन गोष्टी देणं लागतो. एक, मला सात महिने माहीत होतं, हे तिच्या तोंडावर, मराठीत, पूर्ण वाक्यात सांगणं. दोन, तिने बसमध्ये माझी मागितलेली माफी तिला परत करणं, कारण ती मागण्यासारखं तिने काही केलं नव्हतं. तीन, माझी माफी. ती मी अजून एकदाही मागितलेली नाही.